ताठ बसा, पण हार्मोनचं राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पुरवणीत वाचलं की इंटरव्ह्यूच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभं राहिलं की टेस्टोस्टेरॉन (रुबाबाशी जोडलं जाणारं हार्मोन) वाढतं आणि कॉर्टिसॉल (टेन्शनचं हार्मोन) उतरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हे फिरत असतं तेव्हा मी सोडून देते, पण पेपरात आलं की लोक कात्रण काढून मुलांना दाखवतात म्हणून लिहितेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांना ताठ बसा सांगण्यातच माझा दिवस जातो, त्यामुळे ताठ बसण्याशी माझं काही भांडण नाही.

हा दावा 2010 चा. अमेरिकेत डॅना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी 42 जणांवर प्रयोग केला, काहींना टेबलावर पाय टाकून अगदी साहेबासारखं बसवलं, काहींना अंग चोरून, आणि मग त्यांच्या लाळेतली ही हार्मोन्स तपासली. 2012 ला कडींचं टेड टॉक, म्हणजे इंटरनेटवरचं भाषण, आलं, कोट्यवधी लोकांनी बघितलं. पण 2015 मध्ये दुसऱ्या टीमने 200 जणांवर हेच करून बघितलं तर हार्मोनमध्ये काही फरक नाही, लोकांना स्वतःला जरा पॉवरफुल वाटलं एवढंच. आणि 2016 ला खुद्द कार्नीबाईंनी जाहीर लिहून टाकलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. आपण ज्याच्यामुळे गाजलो त्याबद्दल असं लिहायला हिंमत लागते, आपल्याकडे कोण लिहील! कडी मात्र आत्मविश्वास वाटतो या मुद्द्यावर अजून ठाम आहेत.

आता याचा अर्थ कसंही बसा असा नाही. 2015 मध्येच न्यूझीलंडच्या ऑकलंड युनिव्हर्सिटीतला एक प्रयोग आला, तो मला जास्त आवडतो. 74 जणांच्या पाठीला आम्ही लावतो तसली टेप लावून काहींना ताठ आणि काहींना पोक काढून बसवलं, सांगितलं काय तर टेपचा परिणाम बघतोय, आणि तसंच बसून त्यांना भाषण द्यायला लावलं. ताठ बसलेल्यांना भीती कमी वाटली, मूड बरा होता. पोक काढून बसलेले बोललेच कमी, आणि जे बोलले त्यात निगेटिव्ह शब्द जास्त आणि मी, मला, माझं हेही जास्त. पण ताठ बसलेल्यांचं शरीर शांत झालं होतं का, तर नाही, उलट ते जास्त चार्ज झालेले होते, वरच्या आणि खालच्या बीपीमधलं अंतरसुद्धा त्यांचंच जास्त होतं. म्हणजे टेन्शन जात नाही, त्यातली भीती जरा कमी होते. मुलांना हे सांगायला हवं, नाहीतर पोझ घेऊनही छाती धडधडली की पोरगं म्हणणार माझंच काहीतरी चुकतंय.

आणि कॉर्टिसॉलचं म्हणाल तर छाती धडधडवणारं अ‍ॅड्रिनलिन काही सेकंदात सुटतं, पण कॉर्टिसॉल टेन्शन सुरू झाल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटांनी टोकाला जातं, तोवर बऱ्याच जणांचा इंटरव्ह्यू उरकलेला असतो. ताठ बसल्याचा साधा फायदा श्वासाचा आहे, पोक काढलं की पोट दाबलं जातं, छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा मिळत नाही, मग श्वास वरच्यावर आणि वाक्य अर्ध्यात तुटतं.

ताठ म्हणजे सावधानमध्ये उभं राहणंही नव्हे. गुडघे आवळून बराच वेळ न हलता उभं राहिलं की रक्त पायात साठतं, त्यात घाबरलेलं असेल तर चक्कर येऊन पडायला होतं, शाळेच्या परेडला पोरं पडतात ती अशीच. तोंडी परीक्षेला मुलांना व्हरांड्यात ताटकळत उभं ठेवतात तिथे चार खुर्च्या टाकल्या तर बरं होईल.

तेव्हा पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा ही विनंती, आणि तो कमरेवर हात ठेवलेला फोटो काढून खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसलेल्या माणसाचा टाका, पाहिजे तर मी पोझ देते.

आपली,
एक वाचक, पुणे