शस्त्रक्रियेनंतरच्या हाताकडे दुर्लक्ष नको

महोदय,
गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीत कोयता हुकून बोटे कापल्याच्या घटना कानावर येतात. बोट मिटवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी शीर, तुटली असेल, तर नुसती कातडी शिवून भागत नाही. तिची टोके शोधून जोडावी लागतात आणि त्यानंतर सुमारे ६ आठवडे स्प्लिंट (हाताला आधार देणारी कडक पट्टी) बांधून, पहिल्या काही दिवसांतच थेरपिस्टच्या देखरेखीखाली बोट बेताने हलवावे लागते. मुळीच न हलवल्यास कंडरा चिकटून बोट आखडते आणि घाईने मोळी उचलल्यास जोडलेली कंडरा पुन्हा तुटते, म्हणून जड कामाला साधारण १२ आठवडे थांबावेच लागते. हातावर पोट असलेल्या मजुराला हे परवडावे कसे? शासनाने तालुक्याच्या ठिकाणी अशा व्यायामोपचाराची सोय करावी आणि या काळातील बुडालेली मजुरीही द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, बीड