कागदावरचा शाफ्ट, हातातला शाफ्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

उपयोजित अभियांत्रिकी तंत्रज्ञानाच्या पदवीला जायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. "यात गणित कमी असतं ना?" असं तू विचारलंयस. सिद्धता कमी असतात, आकडेमोड भरपूर असते, आणि काढलेलं उत्तर लवकरच यंत्रावर तपासावं लागतं. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कुठलंही माप घेण्याआधी ते किती यायला हवं, हे वहीत लिहून ठेव. प्रत्यक्षात वेगळं आलं, तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नकोस.

लेथवरचंच बघ, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवत टूलने कापणाऱ्या यंत्रावरचं. २५ मिमीचा शाफ्ट (गोल दांडा), फिट एच७/जी६; एच७ ही भोकाची आणि जी६ ही शाफ्टची ठरलेली मापमर्यादा. म्हणजे शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिमी यांच्या मध्ये हवा, भोक २५.००० ते २५.०२१. शाफ्टला सारी मुभा १३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). हायस्पीड स्टीलचं टूल आणि माइल्ड स्टीलचा जॉब असेल तर कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटरच्या आसपास धर. त्यावरून मिनिटाला फेरे निघतात साधारण ३८०. लेथवर नेमका तेवढा वेग नसेल तर खालचा घे. आता मुलं इथे हमखास फसतात: टर्निंग (बाहेरून कापून व्यास कमी करणं) झालं की जॉब गरम असतानाच मायक्रोमीटर लावतात. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगतं. जॉब ३० अंशांनी तापलेला असेल तर २५ मिमीवर ९ मायक्रॉन वाढ दिसते. तू २४.९८५ वाचून खूश होशील आणि थंड झाल्यावर तोच शाफ्ट २४.९७६ भरेल, म्हणजे बाद. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस मानलंय ते याचसाठी. जॉब निवू दे, बर (कडेला उरलेली धातूची धारदार कोर) काढ, मायक्रोमीटरचा शून्य तपास, मग माप. ॲल्युमिनियम असेल तर जास्तच जप, ते जवळजवळ दुप्पट फुगतं. आणि फेसिंगनंतर (टोकाचा पृष्ठभाग सपाट केल्यावर) मधोमध बारीक टेंगूळ उरलं, तर टूलचं टोक मध्यरेषेवर नाही असं समज.

चकची (जॉब पकडणाऱ्या जबड्याची) किल्ली चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, हे तुला शंभरदा सांगतील. शंभर वेळा ऐक.

विजेच्या प्रयोगांत उपकरणच फसवू शकतं. ५ व्होल्टचा पुरवठा १ मेगाओहमच्या रोधातून मल्टिमीटरने मोजलास तर ४.५५ च्या आसपास दिसेल. पुरवठ्यात काही बिघाड नसतो. मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो आणि तो सर्किटचा भाग होऊन बसतो. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब पुन्हा व्होल्टच्या भोकात घालायला विसरलास, की पुढच्या मापाला फ्यूज गेलाच म्हणून समज.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या नियंत्रकाचा) विषय, कारण तिथे वायरिंग आणि तर्क एकत्र येतात. स्टॉप बटण नेहमी नॉर्मली क्लोज्ड (न दाबता जोडलेलं, दाबल्यावर तुटणारं) जोडतात. तार तुटली तरी यंत्र थांबावं, हा त्यामागचा हेतू. पण मग बटण न दाबता इनपुट चालू असतो, म्हणून लॅडरमध्ये (पीएलसीच्या शिडीसारख्या दिसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्यासाठी नॉर्मली ओपन (इनपुट चालू असताना जोडला जाणारा) संपर्क घ्यायचा. दोन्हीकडे क्लोज्ड टाकलं की मोटर सुरूच होत नाही, आणि मुलं तासभर स्टार्ट बटण तपासत बसतात. इमर्जन्सी स्टॉप मात्र केवळ प्रोग्रॅमच्या भरवशावर कधीच ठेवायचा नाही. त्याने तारेतूनच पुरवठा तोडला पाहिजे. ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या करंटमधून माप कळवणाऱ्या सेन्सरमध्येही तोच विचार आहे. ० ते १० बारच्या सेन्सरवर ५ बारला १२ मिलिॲम्पिअर यायला हवेत. ० आले तर दाब शून्य आहे असं समजू नकोस, शून्य दाबालाही ४ येतात. वायर तपास.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल थोडंसं. बेअरिंग, मोटर, सेन्सर असे तयार मिळणारे भाग आधी निवड आणि त्यांच्या मापांवरून बाकीचं डिझाईन कर. उलट केलंस तर हव्या त्या मापाचं बेअरिंग मिळत नाही. पाच प्लेटा एकावर एक, प्रत्येकीला ±०.१ मिमी, म्हणजे वाईटात वाईट ±०.५. हा हिशेब ड्रॉइंग सोडण्याआधी झाला पाहिजे. एम६ चा (६ मिमी स्क्रूचा) टॅप मारायचा, म्हणजे भोकात आटे पाडायचे, तर भोक ५ मिमीचं, एम८ ला ६.८. थ्रीडी प्रिंटमधली भोकं बहुधा लहानच येतात, तेव्हा थोडी मोठी काढ किंवा नंतर ड्रिल फिरव.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी एक गोष्ट जरूर बघ: पदवीला मान्यता कोणत्या गटात आहे. पदव्यांची परस्पर मान्यता ठरवणाऱ्या करारांपैकी १९८९ चा वॉशिंग्टन करार अभियंत्यांच्या पदव्यांसाठी आहे आणि २००१ चा सिडनी करार अभियांत्रिकी तंत्रज्ञांच्या पदव्यांसाठी. पुढे परदेशात काम किंवा परवाना हवा असेल तर या फरकाने वाट बदलते. कॉलेजला हे लेखी विचार, तोंडी उत्तरावर भागवू नकोस.

पहिल्या सत्राचे विषय आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांची यादी हाती आली की पाठव. कुठल्या विषयाला आधी हात घालायचा ते त्यावरून लिहितो.

तुझाच,
मित्र