ते ऑडिट नव्हतं

पुणे, शनिवार, रात्री साडेदहा

ति. आई-बाबांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आधी खोटं कबूल करतो. मार्चपासून दर दुसऱ्या शनिवारी ‘ऑडिट आहे’ म्हणून घरी येत नव्हतो, ते ऑडिट नव्हतं. इथल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जातो. पाय धुवायला.

पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा वेळ नाही म्हणालो होतो. वेळ होता, मॅच बघत होतो. पण सोळाव्या वर्षी शिबिरात ‘प्रभू, मला पाठव’ म्हणून हात वर केला होता, तो दिवस डोक्यातून जाईना. बाबा, तुम्ही मत्तयाच्या २१ व्या अध्यायातले दोन मुलगे शिकवायचात. ‘जातो’ म्हणून मळ्यात न गेलेला तो मीच, एवढं कळायला मला सव्वीस वर्षं लागली.

तिथली माणसं बरी झालेली आहेत, आई. औषधं कधीच पूर्ण झाली, त्यांच्यापासून कुणाला काही होत नाही. पण पायाच्या नसा मेल्या त्या मेल्याच. वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय बुडवायचे, टाचेची जाड कातडी खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासायची आणि पाय ओले असतानाच तेल लावायचं, म्हणजे ओल आत टिकते. मागच्या खेपेला एका आजोबांची चप्पल उलटी केली तर बाभळीचा काटा तळातून आरपार. दोन दिवस त्यावरच चालत होते. म्हटलं, आजोबा, काढला का नाही? तर हसून म्हणाले, “दुखला असता तर काढला असता की.”

मी गप्पच झालो. मला माझं ऑडिट आठवलं.

खरं अवघड पाय धुणं नव्हतंच, त्याला हातमोजे असतात. अवघड होता चहा. काम संपलं की ते चहा करतात आणि तीन खेपा मी ‘आत्ताच झाला’ म्हणून टाळला. चौथ्या खेपेला घेतला. त्या घोटाला मला आपल्या ओट्यावरचा कानतुटका कप आठवला, दारात येणाऱ्या त्या म्हाताऱ्यासाठी तू वेगळा ठेवलेला. तुला दोष देत नाही गं. चहा तरी तू द्यायचीस, बाकीची दारं लागायची. पण म्हणूनच तुला सांगायला भ्यायलो.

बाबा, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट तुम्ही नेहमी १८९५ च्या बाप्तिस्म्यापाशी संपवायचात. मला हल्ली १९१७ जास्त आठवतं. पंचावन्न वर्षं उलटलेली, आणि मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी! एकदा घरदार, जातगोत सोडलेल्या माणसालाही पुन्हा पाचारण होतं. मग माझ्यासारख्याचं काय, मी तर नुसता कप उचलला. आणि आई, लक्ष्मीबाई मला त्याहून जवळच्या वाटतात. त्यांचं सोवळं एका रात्रीत सुटलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, नवऱ्याच्या पाच वर्षं मागून.

पाळकसाहेब आता दर शनिवारी याल का विचारतायत. ‘बघतो’ म्हणालोय. ‘बघतो’ म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. या वेळी आधी तुमच्याशी बोलायचं ठरवलंय, कारण तुमची औषधं आणि बाबांची डोळ्यांची तपासणी मीच बघायची, हेही देवानेच सांगितलेलं आहे. त्यात टाळाटाळ करून तिकडे पाय धुण्यात अर्थ नाही.

उद्या सकाळच्या एसटीने निघतो. उपासनेला उशीर होईल, जागा धरू नका. आणि आई, जुनी सुती लुगडी बोहारणीला देऊ नकोस. तिथे पट्ट्यांना लागतात.

तुमचा,
बाळू