घाट चढून आलेल्या जुन्या गाडीची थरथर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठच्या दशकातील मस्टँगसारखी व्ही-8 इंजिनाची गाडी कसारा घाट दामटून चढवून नाशिकला आणली आणि सिग्नलला उभी राहताच ती थरथरू लागली, की आपल्याकडे थेट कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) उघडायला घेतात. ही घाई मला मान्य नाही. थंड इंजिन सुरळीत चालत असेल, तर आधी उष्णतेने कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळते आहे का, हे पाहावे. बॉनेट उघडून इंजिन निवू दिल्यावर चाल सुधारली, तर संशय तिथेच धरावा.

न सुधारल्यास इनटेक मॅनिफोल्डला (ते मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज, म्हणजे आतली निर्वात ओढ मोजणारा मापक, जोडावा. निरोगी इंजिनात समुद्रसपाटीला काटा साधारण 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर राहतो. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथे तो दोनेक इंच कमीच दिसणार, आणि त्यालाच दोष समजून टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) फिरवणारे महाभागही आहेत. काटा स्थिर पण त्याहूनही बराच खाली असेल, तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग शोधावे. तो ठरावीक लयीत खाली झटके देत असेल, तर जळलेला व्हॉल्व्ह किंवा न पेटणारा प्लग तपासावा. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात त्यानंतर लावावा.

आपला,
एक वाचक, नाशिक