लामा ‘ओपन सोर्स’ नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील एआयवरच्या लेखात मेटा कंपनीच्या ‘लामा’ या एआय मॉडेलचा उल्लेख ‘ओपन सोर्स मॉडेल’, म्हणजे कुणालाही खुलेपणाने वापरता आणि बदलता येणारे, असा झाला आहे. लेख चांगला आहे, हा उल्लेख मात्र चुकीचा. लामा डाउनलोड करून आपल्या संगणकावर चालवता येते, हे खरे. पण सोबतचा परवाना उघडून पाहावा. ज्या कंपनीचे महिन्याचे वापरकर्ते 70 कोटींहून जास्त, तिने मेटाकडून वेगळी परवानगी घ्यायची. 3.2 आवृत्तीतील चित्रे समजणाऱ्या मॉडेलांचा परवाना तर युरोपीय संघातल्या लोकांना आणि कंपन्यांना दिलेलाच नाही. ओपन सोर्स कशाला म्हणावे हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या 10 कलमी व्याख्येत व्यक्ती, गट किंवा वापराचे क्षेत्र पाहून भेद करायला मनाई आहे. लामा या व्याख्येत बसत नाही, हे त्या संस्थेने 2023 मध्येच जाहीर केले होते.

70 कोटींशी आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. मी डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर मांडण्याचे, काम करतो. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर लग्नपत्रिका घेऊन येते. फॉन्ट नेटवरून उतरवलेला आणि त्याच्या परवान्यात लिहिलेले असते, ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’. मी छपाईचे पैसे घेणार, म्हणजे तो फॉन्ट मला बाद. “अहो, फुकट मिळतोय की!” यावर रोज कोण वाद घालणार? मी निमूटपणे ‘मुक्ता’ लावतो. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहे. अट त्यालाही आहे, फॉन्ट नुसता सुटा विकता येत नाही. पण पत्रिका छापा, पुस्तक छापा, निवडणुकीचे पत्रक छापा, कुणाला विचारावे लागत नाही.

अशा खुल्या फॉन्टमध्ये बदल करायलाही मोकळीक असते. राज्य मराठी विकास संस्थेसाठी तयार झालेल्या ‘यशोमुद्रा’वरून आयआयटी मुंबईने ‘शोभिका’ घडवला, त्यात रोमन आणि सिरिलिक (रशियन वगैरे भाषांची) अक्षरे जोडली आणि तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवला. संस्कृतचे अभ्यासक आज तो वापरतात. ‘वैयक्तिक वापरा’च्या फॉन्टवर हे काम उभेच राहिले नसते.

तेव्हा दुरुस्ती जरूर छापावी. लामाला ‘डाउनलोड करता येणारे मॉडेल’ म्हणावे. मथळ्यात बसत नसेल तर अक्षर एक पॉइंट लहान करावे.

– एक डीटीपी व्यावसायिक, सांगली