सोन्या, बाबा तुला हसले नव्हते

सोन्या,

फोनवर तू हो-नाही एवढंच बोलतोस म्हणून लिहितेय. ऑफिसात नको वाचूस, रूमवर गेल्यावर वाच.

त्या रात्री कोल्हापूर नाक्यावर तू पाया पडलास आणि बाबा हसतच सुटले ना, तुझं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं. गाडीत चढताना वळूनसुद्धा बघितलं नाहीस. मलाही राग आलेला त्यांचा, खोटं कशाला बोलू. पण गुरुवारी पुण्याला क्लिनिकला गेलो तर मोठ्या डॉक्टरांनी आपणहूनच विचारलं, अचानक हसू नाहीतर रडू येतं का, आवरत नाही असं? बाबांनी मान खाली घातली. या एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जातात त्या आजारात, होतं म्हणे असं, हसण्या-रडण्यावर मेंदूचा जो लगाम असतो तो सैल पडतो, मनात भलतंच चाललेलं असतं आणि बाहेर हसू येतं. त्यावर गोळी पण असते. येताना खंबाटकीत बाबा म्हणाले, पोराला सांग. स्वतः काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगितलं.

तुझी पोटरी उडते आणि तुलाही हेच झालंय असं तुला वाटतं, त्याचं मी विचारणार नव्हते. ताईच्या तोंडून निघून गेलं, तिच्यावर चिडू नकोस.

क्लिनिकचं सांगते आधी. मागच्या वेळी ताई होती, यावेळी मी एकटीच, त्यामुळे सगळं वहीत लिहून आणलंय. एका खोलीत बसायचं आणि तेच सगळे एकामागून एक आपल्याकडे येतात, न्यूरोवाले, छातीचे डॉक्टर, फिजिओ, ओटी म्हणजे रोजची कामं जमतील असं शिकवणाऱ्या मॅडम, स्पीचवाल्या मॅडम, डाएटिशियन, आणि शेवटी एक काउन्सेलर बाई, त्या माझ्याशीच बोलल्या, बाबांशी नाही. दर तीन महिन्यांनी यायचं. आठव की आधी काय वणवण केली आपण, बाबांच्या हातातून पक्कड सुटायला लागली तर एकाने मणका सांगितला, मानेचं ऑपरेशन झालं, आठ महिने गेले आणि हात अजूनच वाळला. आता त्यावर बोलून उपयोग नाही पण रात्री आठवतंच. ताईने कुठूनतरी काढलंय की आयर्लंडमध्ये २००३ साली अभ्यास झाला, अशा क्लिनिकला जाणारे पेशंट साध्या न्यूरोकडे जाणाऱ्यांपेक्षा साडेसात महिने जास्त जगले, आणि या आजारावरची ती रिलुझोलची गोळी आयुष्य वाढवते दोन-तीनच महिने. मला काय त्यातलं कळत नाही, पण सकाळी त्यांचं डोकं जड व्हायचं ते मी पित्त समजून सुंठ उगाळून लावत होते, आणि छातीच्या डॉक्टरांनी दोन प्रश्नांत ओळखलं की रात्री श्वास अपुरा पडतोय. नळीत फुंकायला लावलं, श्वासाचा आकडा मागच्या वेळी ७४ टक्के होता, आता ६३. रात्री बायपॅपचा, म्हणजे हवा आत ढकलणाऱ्या मशीनचा, मास्क लावायचा.

डाएटिशियनने वजन बघून मलाच झापलं. चार किलो उतरलंय, या आजारात वजन उतरू द्यायचंच नाही, सगळ्यात तूप घाला म्हणाली. वीस वर्षं मी त्यांच्या भातावरचं तूप काढून घेतलं कोलेस्टेरॉल म्हणून आणि आता वाटीभर घालतेय, बाबा माझ्याकडे बघून नुसते भुवया उडवतात. चहाने ठसका लागतो, पातळ पदार्थच जास्त धोक्याचे म्हणे, म्हणून त्यात पावडर घालून दाट करायचा आणि हनुवटी खाली घेऊन गिळायचं. दाट चहा त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, ही काय खळ आहे?

तुझी पोटरी एकच उडते का दोन्ही?

राहू दे. ओटी मॅडमनी चमच्याच्या दांड्याला एसीच्या पाइपचा असतो ना तसला काळा फोम चढवून दिला, जाड झाला की बोटांना धरता येतो. बाबांनी बघितलं आणि म्हणाले याला इन्सुलेशन टेप मारा, नाहीतर धुताना निघेल, आणि माझ्याकडून मारूनच घेतली घरी आल्यावर, इकडून ओढ, तिकडून दाब. तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस रे. २००५ च्या पुरात तीन रात्री घरी नव्हते आणि तू त्यांचे रबरी हातमोजे उशाशी घेऊन झोपायचास, पप्पांचे हात म्हणायचास त्यांना. ते मोजे अजून माळ्यावर आहेत.

मार्क पण देतात तिथे, बोलणं, गिळणं, जिना, बटणं, श्वास असं सगळं धरून ४८ पैकी. बाबांना ३४ पडले. तर म्हणतात कसे, मॅडम पस्तीसला पास असतं, एक ग्रेसचा द्या. सगळी खोली हसली. मी संडासात जाऊन रडून आले.

जेवण थेट पोटात द्यायच्या नळीला मात्र बाबा नको म्हणाले. तो श्वासाचा आकडा पन्नासच्या खाली जायच्या आत बसवलेली बरी, नंतर भूल देणं अवघड होतं, आणि नळी असली तरी तोंडाने जमतं तोवर खायचं असं समजावलं त्यांनी, जबरदस्ती नाही केली. तू फोनवर यावरून भांडू नकोस. मी पण नाही भांडणार. बहुतेक.

तू फोनवर केलेला तो मराठी बोलणारा बोर्ड स्पीचवाल्या मॅडमना दाखवला, त्यांनी शेजारच्या खोलीतल्या काकांना नेऊन दाखवला, मुलाने केलाय म्हणताना बाबांचा आवाज बघायला हवा होतास. आवाज चांगला आहे तोवर रेकॉर्ड करून ठेवा म्हणाल्या. काय बोलू काय बोलू करत पहिलं वाक्य रेकॉर्ड केलं, "मेन बंद केला का?"

आता ऐक. तुझं नाव न घेता मी डॉक्टरांना विचारलं, माझ्या भाच्याची पोटरी उडते म्हणून. ते बघतच राहिले माझ्याकडे, मग म्हणाले, ताकद कमी झालीय का भाच्याची? टाचांवर, चवड्यांवर चालता येतं का? येत असेल आणि नुसतंच उडत असेल तर बहुतेक वेळा काही नसतं, जागरण, कॉफी, टेन्शन. शंभरातल्या पाच-दहा घरांतच हे पिढीत येतं, आणि जीनची तपासणी करायचीच तर आधी बाबांची करायची, भाच्याची नाही. आणि नानांना अर्धांग होतं, हे नव्हतं, मी आत्याला परत विचारून घेतलंय. तर रात्री दोन-दोनपर्यंत नेटवर वाचत बसणं बंद कर, कॉफी कमी कर, वेळेवर जेव, एवढं शिकलास आणि पोटरी बघत बसतोस... झालं माझं लेक्चर, सॉरी. तिथल्या डॉक्टरला दाखव एकदा, माझ्यासाठी.

व्हिडिओ कॉल साडेआठच्या आत कर. नऊला मास्क लागतो, मग बाबांना बोलता येत नाही. आणि हसले तर तू पण हस.

चवड्यांवर चालून बघितलंस का?

आई