आधी कळले तर आवाज सोसता येतो

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या पत्रसदरात ध्वनिवर्धकांच्या बाजूने आणि विरोधात पत्रे येऊ लागतात. मला ज्या आवाजांविषयी लिहायचे आहे ते इतके किरकोळ आहेत की त्यांची तक्रार करणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात. ओट्यावर ठेवलेल्या स्टीलच्या ताटाचा खणखणाट, कुकरची शिट्टी, गाडी मागे घेताना वाजणारी धून, लोकलमध्ये शेजारच्या प्रवाशाच्या मोबाइलवर मोठ्याने चाललेल्या रिल्स. गेली सात वर्षे हे आवाज माझ्या कानात सुई टोचावी तसे दुखतात, आणि त्यांतला एखादा अवचित झाला तर पुढचा तासभर हातांची थरथर थांबत नाही.

मी डोंबिवलीत राहते. निवृत्त होईपर्यंत प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि पन्नास-साठ मुलांनी एका सुरात म्हटलेले पाढे ऐकतच माझी बहुतेक नोकरी झाली, तेव्हा गोंगाट मला नवा नव्हता. सात वर्षांपूर्वी नात्यातल्या एका वरातीत, अरुंद गल्लीत, डीजेची गाडी आणि इमारतीची भिंत यांच्यामध्ये मी पाऊण तास अडकून पडले. त्यानंतर दोन दिवस कानात बारीक शिट्टी वाजत राहिली. ती विरली, पण तिसऱ्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलाच्या हातून कंपासपेटी फरशीवर पडली आणि मी दोन्ही कान दाबून जागच्या जागी खाली बसले. मुले घाबरून गप्प झाली. आपल्याला काय होते आहे, हे त्या वेळी मलाही कळले नव्हते.

कानाच्या डॉक्टरांनी श्रवण-आलेख काढला आणि तो अगदी व्यवस्थित आला. ‘तुमचे कान उत्तम आहेत’ हे वाक्य त्यांनी दिलासा देण्यासाठी उच्चारले होते, परंतु माझ्या पुढच्या जवळजवळ वर्षभराच्या एकटेपणाची सुरुवात त्यातूनच झाली, कारण कान उत्तम असतील तर दोष स्वभावात असणार, असा अर्थ घरच्यांनी आणि हळूहळू मीही काढला. वयाचा परिणाम, चिडचिड, नको तितके लाड, असे सगळे ऐकून झाले. अखेर एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी वेगळी तपासणी केली. किती हळू आवाज ऐकू येतो हे पाहण्याऐवजी त्यांनी आवाज पायरीपायरीने वाढवत नेला आणि तो कुठे असह्य होतो ते मला सांगायला सांगितले. सर्वसाधारण माणसाला शंभर डेसिबलच्या आसपास नकोसे होते. मी सत्तरला हात वर केला. दोन माणसांचे साधे बोलणे साठच्या घरात असते, म्हणजे साधे बोलणे आणि वेदना यांच्यामध्ये माझ्यासाठी फार थोडी जागा उरली होती. या विकाराला हायपरॲक्युसिस म्हणतात, हे मला त्या दिवशी समजले.

त्या बाईंनी जे समजावले ते इथे मुद्दाम लिहिते, कारण मराठीत ते मला कुठे सहज वाचायला मिळाले नाही. कानाला इजा झाली, किंवा त्याच्यापर्यंत पोहोचणारा आवाज कमी झाला, की मेंदू ऐकण्याची धार वाढवतो. मंद लागणाऱ्या रेडिओचे बटण आपण पिळावे आणि नंतर ते उलटे फिरवायचे राहून जावे, तसे काहीसे. ही अवस्था मोठ्या आवाजानंतर येते, डोक्याला मार लागल्यावर येते, अर्धशिशी असणाऱ्यांत आढळते, आणि चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा मारला तर त्या बाजूच्या कानातला, मोठा आवाज थोपवणारा चिमुकला स्नायू लुळा पडल्यानेही येते. स्वमग्न मुलांमध्ये तर आवाजाचा त्रास फार दिसतो. माझ्या वर्गात दर वर्षी एखादे मूल घंटेच्या वेळी कानांवर हात ठेवायचे आणि मी त्याला ‘हात खाली’ म्हणायचे. त्या मुलांची मला आता वारंवार आठवण होते.

सर्वांत मोठी चूक मी स्वतः केली. निदान होण्यापूर्वी आठ-नऊ महिने मी घरातसुद्धा कानात बोळे घालून वावरत होते. आराम वाटत होता, परंतु कानापर्यंत आवाज जितका कमी पोहोचला तितकी मेंदूने धार आणखी वाढवली, आणि पूर्वी सोसवणारा पंख्याचा आवाजही मला सोसवेनासा झाला. ड्रिल, फटाके, मिरवणूक यांच्यापुरते बोळे जरूर वापरावेत. शांत घरात ते घालून बसू नये. त्यांच्याऐवजी मला रोज काही तास पावसाच्या सरीसारखा एकसंध, अगदी हळू आवाज ऐकायला सांगितले गेले, आणि तो महिन्यागणिक किंचित वाढवत नेला. जोडीला आवाजाच्या भीतीसाठी समुपदेशन झाले. दीड वर्षाने कुकरची शिट्टी मी शेजारच्या खोलीत बसून ऐकू लागले. ज्या घरात कोणी अशा रीतीने कानात कापूस कोंबून बसत असेल, त्यांनी त्या माणसाला हसण्याआधी किंवा रागावण्याआधी श्रवणतज्ज्ञाकडे न्यावे, एवढ्यासाठी तरी हे पत्र छापले जावे, असे मला मनापासून वाटते.

कायद्याविषयी थोडेच लिहिते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद केली आहे, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांना आवर घातला आहे. त्यासाठी झगडलेल्या नागरिकांची मी ऋणी आहे. मात्र या मर्यादा ठरावीक वेळातल्या सरासरीच्या आहेत, आणि माझ्यासारख्याला सरासरी जखमी करत नाही. एक सेकंद वाजलेला हॉर्न करतो. शिवाय ताटवाट्यांच्या आवाजावर कोणी कायदा करू शकत नाही आणि तो करावा असेही मी म्हणणार नाही.

अनुभवाने मला एक गोष्ट ठाऊक झाली आहे की तोच आवाज आधी माहीत असला तर निम्म्याहून कमी दुखतो. आमच्या वरच्या मजल्यावर गेल्या वर्षी टाइल्स बदलण्याचे काम निघाले. मी धीर करून वहिनींना माझी अडचण सांगितली, आणि त्यांनी एका शब्दाने वाद न घालता रोज सकाळी ‘आज अकरा ते एक कटर चालेल’ असा निरोप पाठवण्यास सुरुवात केली. ते दोन तास मी वाचनालयात काढत असे. महिनाभर काम चालले आणि आमच्यात एकदाही कुरबूर झाली नाही. प्रत्येक गृहसंकुलाने फलकावर अशा कामांची वेळ आदल्या दिवशी लिहावी, मंडळांनी ढोल-ताशाचा सराव आणि फटाके यांच्या वेळा आधी जाहीर करून त्या पाळाव्यात, शाळांनी घंटेपूर्वी बावरणारी मुले ओळखून त्यांना घंटेपासून दूरचा बाक द्यावा, आणि रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात तरी मोबाइल इअरफोनशिवाय वाजू देऊ नये, एवढीच माझी मागणी आहे. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या संस्थांनी या विकाराची माहिती सोप्या मराठीत दवाखान्यांपर्यंत पोहोचवली तर अनेकांचे वर्ष-दोन वर्षांचे हाल वाचतील.

शेवटची विनंती आपल्याला. हे पत्र उत्सवाच्या विरोधातील पत्रांत घालू नये. आमच्या इमारतीत गणपती बसतो. आरतीच्या वेळी झांजा माझ्या कानाला अजूनही सोसत नाहीत, म्हणून मी दोन मजले वर जिन्यात उभी राहते आणि तिथून येणाऱ्या मंद आवाजात आरती म्हणते. घालीन लोटांगण झाले की खालची एखादी मुलगी निरांजनाचे ताम्हन घेऊन, ते कठड्याला लागून वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, हळूहळू वर येते.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)